बायोसमध्ये मल्टिप्लायर बदलत नाही? आधी या चुका टाळा

पहिल्यांदा ओव्हरक्लॉकिंगला, म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवायला बसलेल्याची तक्रार ठरलेली असते: ‘बायोस (संगणक सुरू होताना उघडता येणारा मदरबोर्डाच्या सेटिंगचा भाग) लॉक आहे.’ सीपीयू रेशोची, म्हणजे प्रोसेसरचा वेग ठरवणाऱ्या मल्टिप्लायरची ओळ पुसट दिसते, एंटर दाबून काही हलत नाही, आणि मग रात्रभर कुठल्या तरी अनोळखी साइटवरून ‘अनलॉक’ बायोसच्या फायली उतरवल्या जातात. मदरबोर्डचा जीव जातो तो इथे. बंदी प्रोसेसरची असू शकते, चिपसेटची (मदरबोर्डावरच्या नियंत्रक चिपची) असू शकते, बायोसच्याच एखाद्या सेटिंगची किंवा विंडोजची. ती कोणाची हे कळेपर्यंत काहीही फ्लॅश करू नका, म्हणजे बायोसची नवी फाइल बोर्डावर चढवू नका.

सर्वांत मोठी चूक बायोस उघडण्याआधी, म्हणजे दुकानातच झालेली असते. इंटेलच्या अलीकडच्या पिढ्यांत मल्टिप्लायर वाढवायचा तर प्रोसेसरच्या नावात ‘के’ हवा आणि बोर्डावर झेड मालिकेचा चिपसेट हवा, दोन्ही एकदम. आय५-१३४००एफ झेड७९०वर बसवला तरी मल्टिप्लायर कंपनीने दिलेल्या मर्यादेपलीकडे जात नाही. उलट आय५-१३६००के बी७६०वर बसवला तर ‘के’साठी मोजलेले जास्तीचे पैसे बऱ्याच अंशी वाया. पणजी-म्हापशाच्या दुकानांत झेडचे बोर्ड महाग म्हणून बी मालिका गळ्यात मारली जाते. गेमिंगसाठी ती उत्तमच, पण ओव्हरक्लॉकिंग करणार हे आधी सांगितलंत तर दुकानदारही वेगळा बोर्ड काढेल. बी७६०वर रॅमचा वेग मात्र वाढवता येतो. एच६१०वर तेही नाही.

एएमडीचा हिशेब वेगळा. रायझनच्या डेस्कटॉप प्रोसेसरांचा मल्टिप्लायर बहुधा खुलाच असतो, अडवतो तो चिपसेट. बी४५०, बी५५०, बी६५० चालतात. ए३२०, ए५२०, ए६२० हे सीपीयूचा मल्टिप्लायर वाढवू देत नाहीत. अपवाद थ्रीडी कॅशवाल्यांचा (चिपवर जादा कॅश मेमरी रचलेल्या प्रोसेसरांचा): ५८००एक्सथ्रीडी आणि ७८००एक्सथ्रीडी यांचा मल्टिप्लायर एएमडीनेच बंद ठेवला आहे, तर २०२४ साली आलेल्या ९८००एक्सथ्रीडीचा खुला आहे. ७८००एक्सथ्रीडी असेल तर मल्टिप्लायरमागे न लागता कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रोसेसरचं व्होल्टेज उतरवणारी बायोसमधली सेटिंग) वापरा. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात त्याचा फायदाही जास्त, कारण व्होल्टेज उतरलं की तापमान उतरतं आणि प्रोसेसर आपणहून वरचा वेग धरून राहतो.

जोडी बरोबर आहे आणि तरीही ओळ पुसट आहे? मग कुलूप बहुतेक नाहीच. बोर्ड सुरुवातीला इझी मोडमध्ये उघडतो आणि त्यात हे पर्याय दिसतच नाहीत. असूस, एमएसआयच्या बोर्डांवर एफ७ दाबून, गिगाबाइटच्या बोर्डांवर एफ२ दाबून अ‍ॅडव्हान्स्ड मोडमध्ये जा. तिथेही सगळं एकदम उघडत नाही: वरची ओळ ‘ऑटो’वर असेपर्यंत खालच्या ओळी झोपलेल्या असतात. असूसच्या इंटेल बोर्डांवर कोअर रेशो ‘सिंक ऑल कोअर्स’वर नेला की आकडा टाकायची जागा जागी होते. एएमडीच्या बोर्डांवर ‘एएमडी ओव्हरक्लॉकिंग’च्या पानावर धोक्याची सूचना स्वीकारावी लागते आणि पीबीओ (प्रोसेसरला आपणहून जास्त वेग घेऊ देणारी सेटिंग) ‘ऑटो’वरून ‘अ‍ॅडव्हान्स्ड’वर न्यावा लागतो, मगच पुढचे पर्याय हाती येतात. सूचना पाहून घाबरून मागे फिरणारे बरेच. जुना बोर्ड विकत घेतला असेल तर पासवर्डही तपासा. युजर पासवर्डने आत शिरलात तर बरेच पर्याय नुसते दिसतात, बदलत नाहीत.

लॅपटॉपवाल्यांची गोष्ट निराळी. तिथे व्होल्टेज कमी करायचा पर्याय खरोखरच बंद केलेला असतो आणि त्यामागे कारण आहे. डिसेंबर २०१९मध्ये प्लंडरव्होल्ट नावाची त्रुटी जाहीर झाली. सॉफ्टवेअरमधून व्होल्टेज उतरवून इंटेलच्या सुरक्षित कप्प्यातली गुपितं फोडता येतात, हे संशोधकांनी दाखवलं. त्यानंतरच्या बायोस अपडेटांनी अनेक मशीनवर हा दरवाजा बंद केला. डेस्कटॉपवर बायोसमध्ये सगळं खुलं आहे पण विंडोजमधलं एक्सटीयू (इंटेलचं ओव्हरक्लॉकिंगचं सॉफ्टवेअर) व्होल्टेज बदलू देत नाही, असं झालं तर कोअर आयसोलेशन ही विंडोजची सुरक्षा सोय चालू आहे का पाहा. ते बंद करण्यापेक्षा बदल बायोसमधूनच केलेला बरा.

‘बायोस अपडेट करून बघ’ हा सल्ला सगळेच देतात, पण चिपसेटची बंदी अपडेटने जात नाही. खरंच अपडेट लागतो तो इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरांना: जादा व्होल्टेजमुळे ते अस्थिर होत होते आणि त्यावरचा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना, त्या बायोस अपडेटमधून येतात) इंटेलने ऑगस्ट २०२४पासून द्यायला सुरुवात केली. तो बसवल्याशिवाय या प्रोसेसरांवर मल्टिप्लायर वाढवण्याचा विचारही नको.

अपडेट करणार असाल तर बोर्डावर छापलेली रिव्हिजन (बोर्डाची आवृत्ती) बघून कंपनीच्याच साइटवरून फाइल घ्या, पेनड्राइव्ह फॅट३२मध्ये फॉरमॅट करा आणि विंडोजमधलं बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी सोय) आधी थांबवा. नाहीतर पुढच्या वेळी मशीन रिकव्हरी की मागेल आणि ती कुठे आहे ते घरात कोणालाच ठाऊक नसेल. त्या दिवशी आपल्या भागात वीज खात्याचं दुरुस्तीचं काम नाही ना, हे सकाळच्या पेपरात पाहून घ्या. पावसाळ्यात तर यूपीएसशिवाय फ्लॅश करायला बसूच नका. फोंडा असो की पेडणे, लाइट कधी जाईल ते वारा ठरवतो.

आणि चुकीचा आकडा टाकल्यावर स्क्रीन काळी राहिली तर बोर्ड मेला असं समजून दुकान गाठू नका. प्लग काढा, बोर्डावर सीएमओएस (बायोसच्या सेटिंग साठवणारी मेमरी) क्लिअर करायच्या पिना शोधा (एमएसआयवर त्यांना जेबीएटी१ म्हणतात), मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे त्या काही सेकंद जोडा. पिना सापडल्या नाहीत तर सीआर२०३२ सेल थोडा वेळ काढून ठेवा. सेटिंग मूळपदावर येतात. यात रॅमचं एक्सएमपीही (रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारी सेटिंग) बंद होतं, ते पुन्हा चालू करायला विसरू नका. ३२००ची रॅम महिनोन् महिने २१३३वर रखडत चालवणारे लोक याच वाटेने तयार होतात.