दारावर ताप मोजायचा तर: नागपूरच्या हवेतली तयारी

कार्यक्रमाच्या दारावर ताप मोजायला थर्मल गन किती आणायच्या ते नंतर ठरवा. आधी जागा बघून या, आणि लोक ज्या वेळी येणार त्याच वेळी बघा. थर्मल गन कपाळाच्या कातडीतून निघणारी उष्णता मोजते आणि तिच्यावरून अंगातल्या तापाचा अंदाज आकड्यात दाखवते. सीताबर्डीहून भर दुपारी दुपट्टा गुंडाळून गाडीवर आलेल्या माणसाचं कपाळ नुसत्या उन्हाने तापलेलं असतं. तोच घामाने डबडबलेला असला तर घाम उडताना कपाळ गार पडतं आणि खरा ताप लपतो. डिसेंबरातल्या सकाळी, अधिवेशनाच्या दिवसांत, गार वाऱ्यातून आलेले सगळेच ९६ च्या आसपास दिसतात. म्हणून यादीत पहिली वस्तू सावली.

मांडवाचं कापड दुहेरी घ्या. टिनाचं छत असेल तर रांग तिथून हलवा, कारण तापलेला पत्रा वरून शेगडीसारखी आच फेकत राहतो. कूलर लावायचाच तर त्याचा झोत रांगेवर नको. दमट गार हवा सरळ कपाळावर बसते आणि आकडा उतरतो. माणसाला हवेशी जुळवून घ्यायला किमान १५ मिनिटं लागतात. पण तासात २००० लोक आत सोडायचे आणि प्रत्येकाला १५ मिनिटं बसवायचं म्हटलं तर एका वेळी ५०० जणांची सावली लागेल. ते बहुतेक ठिकाणी जमत नाही. त्यापेक्षा रांगच सावलीतून वळणं देत आणा, रांगेतच दुपट्टा, टोपी, हेल्मेट काढायला सांगा, कपाळ पुसायला कागदी रुमाल द्या आणि पुसल्यावर मिनिट-दोन मिनिटं जाऊ द्या. अष्टगंध किंवा कुंकू असेल तर त्याच्या बाजूच्या स्वच्छ जागेवर गन धरा.

आता गन. खोक्यावर ती किती तापमानाच्या हवेत चालते ते छापलेलं असतं. बऱ्याच गनना १६ ते ४० अंश सेल्सिअस ही हद्द असते. मे अखेरच्या नवतप्यात नागपूरची सावलीच ४० च्या वर जाते, तेव्हा उघड्यावर गन वापरूच नका. ऑक्टोबरात चालते, पण एसी गाडीतून आणून लगेच नाही. मोजायच्या जागी अर्धा तास आधी काढून ठेवा. ‘बॉडी’ आणि ‘सरफेस’ असे दोन मोड असतात. बॉडी मोडमध्ये गन कातडीच्या आकड्यात भर घालून अंगाचा ताप दाखवते. चुकून सरफेस राहिला तर ९३-९४ दिसत राहतं आणि कुणीच अडत नाही. तसंच आपल्याकडे हवा सेल्सिअसमध्ये आणि ताप फॅरनहाइटमध्ये बोलतात, म्हणून सगळ्या गन एकाच मापावर लावून वर चिकटपट्टीने नंबर टाका. कारखान्यात भट्टी-मोटार तपासायची गन उसनी आणू नका. तिच्यात दोन अंश सेल्सिअसची चूक चालते, इथे अर्ध्या अंशावर निर्णय असतो. अंतर पुस्तिकेत लिहिलं असेल तेच, बहुतेकदा ३ ते ५ सेंटिमीटर, आणि गन कपाळाला काटकोनात. लांबून धरली की कपाळासोबत केस आणि मागची हवाही मोजली जाते. भिंग मळलं तर आकडा खाली येतो. स्पिरिट लावलेल्या कापसाच्या काडीने पुसा, वाळू द्या. हाताला लावायची जेल भिंगाला लावू नका. सेल नवे घाला, आणखी एक जोड खिशात ठेवा.

एका माणसाला सुमारे ८ सेकंद धरले तर एक गन तासात ४५० जण काढते. २००० ला पाच गन, सहावी राखीव.

सुरू करण्याआधी चार स्वयंसेवक सावलीत १५ मिनिटं बसवा, त्यांचा तोंडातला ताप डिजिटल थर्मामीटरने घ्या, मग प्रत्येक गन त्यांच्या कपाळाला लावा. एकाच कपाळावर जी गन बाकीच्यांपेक्षा अर्धा अंश फॅरनहाइटहून जास्त वेगळं बोलते ती बाजूला ठेवा. हीच चार कपाळं दर तासाला पुन्हा मोजा. चौघांचाही आकडा एकदम चढला असेल तर ताप त्यांना आलेला नाही, मांडवात ऊन शिरलंय.

थर्मल कॅमेरा घ्यायचा विचार असेल तर खर्च लाखांत जातो आणि मागण्याही वाढतात. २० ते २४ अंशांची बंद खोली, मागे खिडकी किंवा हॅलोजन नाही, आणि चौकटीत चेहऱ्याइतक्याच अंतरावर ठरावीक तापमानाला धरलेला संदर्भ-ठोकळा, म्हणजे ब्लॅकबॉडी. चष्मा काढावाच लागतो, कारण काचेतून ही उष्णता पार होत नाही आणि मोजायचा असतो तो डोळ्याचा नाकाकडचा कोपरा. एका वेळी एकच माणूस. चालत्या गर्दीच्या डोक्यांवर हिरवे-लाल चौकोन दाखवणारी जाहिरात बघून घेतला तर पैसे पाण्यात. वातानुकूलित सभागृहाच्या आतल्या दारात तो चांगला चालतो, मैदानाच्या फाटकावर नाही.

गनने अडवलेल्याला लगेच तापाचा रुग्ण म्हणू नका. हिशेब करून बघा: २००० मध्ये खरे तापलेले १० धरले, गनने त्यातले ८ पकडले आणि शंभरात ३ विनाकारण अडवले, तर बाजूला उभे राहणारे जवळजवळ ६८. त्यातले साठ निरोगी. अडवलेल्या सगळ्यांसाठी पंख्याखाली २० खुर्च्या, पिण्याचं साधं पाणी आणि १५ मिनिटं. मग डिजिटल थर्मामीटर. चहा किंवा गार पाणी पोटात गेलं असेल तर तोंडातलं माप १५ मिनिटांनी घ्या. काखेत घेतलं तर घाम पुसून, हात घट्ट दाबून, आणि तोंडापेक्षा जवळपास एक अंश फॅरनहाइट कमी येतं हे धरून. तोंडात १००.४ किंवा वर म्हणजे ताप. पुसणं धरून माणशी तीन मिनिटं, म्हणजे एक थर्मामीटर तासात २० जण. चार लागतील, पाचवा जवळ ठेवा. कानातला थर्मामीटर वेगवान आहे, पण दर माणसाला नवं टोपण लागतं आणि मळ असला की कमी दाखवतो. कान वर आणि मागे ओढून नळी सरळ करता येणारा माणूस असेल तरच घ्या.

गन ज्याला पकडू शकत नाही त्याच्यासाठी एक प्रश्न ठेवा: ‘आज तापाची गोळी घेतली का?’ पॅरासिटामॉल पोटात असलेल्याचं कपाळ काही तास साफ असतं, आणि लागण होऊन ताप यायला वेळ असलेला तर कोणत्याच यंत्रात दिसत नाही.

उन्हाळ्यात एक गोष्ट कागदावर मोठ्या अक्षरात लावा. आकडा वर, अंग चटका लागावा इतकं गरम आणि माणूस असंबद्ध बोलतोय किंवा झोकांड्या खातोय, तर तो उष्माघात समजा. खुर्चीवर थांबवून १५ मिनिटांची वाट बघायची नाही. गोळीने उतरत नाही. १०८ ला फोन, कपडे सैल, अंगावर पाणी आणि जोरात वारा, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत सतत.

अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, तिथे हे फाटक चालणार नाही. रांगच धोका होईल. तशा ठिकाणी गन बाजूला ठेवून वाटांवर ताप तपासण्याच्या राहुट्या टाका, पाण्याच्या टाक्यांशेजारी, आणि ज्याला बरं वाटत नाही त्याने यावं असं भोंग्यावर सांगत राहा.

वहीत चारच रकाने: वेळ, गनचा नंबर, गनचा आकडा, थर्मामीटरचा आकडा. नाव फक्त ताप निघालेल्याचं, आणि तेही रांगेसमोर मोठ्याने विचारू नका.