जादूगाराचा प्रवेश लिहिण्याआधी

जुन्या काळात घडणाऱ्या रहस्यपटांच्या पटकथांवर काम करायला लागलं की कधी ना कधी जादूगाराशी गाठ पडतेच. नवीन लेखक त्याचा प्रवेश मोठ्या हौसेने लिहितात आणि ऐन मोक्याला येऊन थांबतात: ‘आणि ती नाहीशी होते.’ कशी, ते कोणीतरी नंतर बघेल. माझं मत ठाम आहे. युक्ती स्वतःला पुरती उमगल्याशिवाय हा प्रवेश लिहायला घेऊ नका, मग प्रेक्षकाला ती शेवटपर्यंत सांगायची नसली तरीही.

सुरुवात सालापासून करा. कथा १९०० च्या व्हिएन्नात घडत असेल, तर बाईला करवतीने कापायचा खेळ त्यात बसत नाही, जादूगार पी. टी. सेल्बिटने तो लंडनच्या रंगमंचावर आणला १९२१ मध्ये. तिरक्या काचेत भूत दाखवणारा ‘पेपर्स घोस्ट’ मात्र १८६२ पासूनचा, तो खुशाल वापरा.

मला सर्वांत जास्त शिकवलं ते ‘स्फिंक्स’ नावाच्या जादूच्या खेळाने. १८६५, लंडनचा इजिप्शियन हॉल. जादूगार कर्नल स्टोडेअर एक पेटी आणून तीन पायांच्या मेजावर ठेवतो आणि तिचं दार उघडतो. आत माणसाचं मुंडकं. स्टोडेअर लांब जाऊन उभा राहतो, हुकूम देतो, मुंडकं डोळे उघडून बोलू लागतं. मेजाखाली तर आरपार मोकळं दिसतंय! खरं तर पुढच्या पायापासून मागच्या दोन पायांपर्यंत दोन आरसे तिरके लावलेले असतात. त्यांच्यात बाजूचे पडदे दिसतात आणि बघणाऱ्याला तो मागचाच पडदा वाटतो. आरशांमागे बसलेल्या माणसाने मेजाच्या आणि पेटीच्या तळातल्या भोकातून डोकं वर काढलेलं असतं.

आता हे पटकथेत आणून बघा. बाजूचा आणि मागचा पडदा एकसारखाच हवा, हे कला विभागाला आधी सांगावं लागेल. नटाला मेजाच्या बाजूने फिरता येणार नाही, पाय आरशात दिसतील. कॅमेऱ्याची ट्रॉली फार बाजूला गेली तर कॅमेराच आरशात सापडेल. आणि स्टोडेअरचं ते लांब जाऊन उभं राहणं! प्रेक्षकाला तो प्रामाणिकपणा वाटतो. ‘बघा, मी हातही लावत नाही.’ जादूगाराचं पात्र मला तिथे सापडतं, संवादात नाही.

‘पेपर्स घोस्ट’मध्येही असंच. भूत काचेत फक्त प्रेक्षकांना दिसतं, मंचावरच्या नटाला नाही. तो जमिनीवरच्या खुणेच्या अंदाजाने रिकाम्या हवेत तलवार चालवतो. भुताला घाबरणाऱ्या माणसाची नजर बोटभर चुकली, एवढा धागा तुमच्या तपास अधिकाऱ्याला पुरेसा आहे.

शॉटबद्दल एकच सांगतो: जादू घडताना कट देऊ नका. जॉर्ज मेलिएस हा स्वतः जादूगार. त्याने १८९६ मध्येच कॅमेरा थांबवून खुर्चीवरची बाई नाहीशी करून दाखवली होती. त्यामुळे कट दिसला की आजचा प्रेक्षक म्हणणारच, बदललं ते इथेच. कॅमेरा प्रेक्षागृहातल्या एखाद्या खुर्चीवर बसवा आणि हलवू नका.

रहस्याचा भाग लिहिताना मी कागदावर तीन रकाने पाडतो. प्रत्यक्षात काय घडलं, प्रेक्षागृहाने काय पाहिलं, पोलिसाला काय पटलं. तिसऱ्या रकान्यावर सर्वाधिक वेळ घालवा. पोलीस मूर्ख ठरला तर जादूगार मोठा होत नाही. पोलिसाचा तर्क चुकीचा असला तरी त्या काळच्या दिव्यांनी, काचेने, यंत्रांनी खरोखर करता येण्याजोगा हवा. मंचाखालचा चोरदरवाजा शोधायला तो फळ्या उचकटतो, खाली खरंच दरवाजा निघतो, आणि तो त्या रात्री वापरलेलाच नसतो. असा प्रवेश जमला की मग संवादांना हात घाला.