जुन्या गाडीचे प्लग: आधी हेड मोजा, मग पुस्तक उघडा

माझी मॉरिस मायनर १०९८ सीसी इंजिनाची आहे. घेतली तेव्हा चारही प्लग, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारे स्पार्क प्लग, नवेकोरे होते, तरी चढाला लागली की मिस मारायची. मी कॉइल (ठिणगीसाठी वीज वाढवून देणारी) बदलली, पॉइंट्स (कॉइलची वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) घासले, कार्ब्युरेटर दोनदा खोलला. प्लग नवे दिसत होते, त्यामुळे त्यांच्यावर संशय घ्यायचं सुचलंच नाही. शेवटी एक प्लग काढून पट्टीवर धरला. आट्यांची लांबी १२.७ मिमी, आणि हेडमधलं, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणातलं, प्लगचं भोक १९ मिमी खोल. आधीच्या कुणीतरी ‘बसतोय ना’ म्हणून बसवून टाकले होते.

बसतात, हीच गोम आहे. १४ मिमी व्यासाचे, १.२५ मिमी पिचचे (दोन आट्यांमधलं अंतर) प्लग एकाच भोकात सगळेच जातात. लांबी मात्र ९.५, ११.२, १२.७ आणि १९ मिमी अशी वेगवेगळी असते. आखूड प्लगची ठिणगी भोकाच्या आतच पडते, मिश्रण नीट पेटत नाही आणि खालच्या रिकाम्या आट्यांत काजळी साचत जाते. लांब प्लग त्याहून वाईट. त्याचे उघडे आटे ज्वलनकक्षात लोंबतात, तापून लाल होतात, काजळीने जाम होतात आणि काढताना हेडचे आटे सोबत घेऊन येतात. पिस्टन किंवा व्हॉल्व्ह आपटला तर मग बोलायलाच नको.

म्हणून आधी हेड मोजा. जुन्या गाड्यांची हेडं बदललेली असतात, आट्यांना नव्या बुशी घातलेल्या असतात. गाडीसोबतचं माहितीपुस्तक कारखान्यातून निघालेल्या गाडीबद्दल सांगतं, तुमच्या गाडीबद्दल नाही. बारीक तारेच्या टोकाला छोटा आकडा वळवा, भोकातून खाली सोडून आट्यांच्या खालच्या कडेला अडकवा आणि वर जिथे प्लगचं वॉशर टेकतं तिथे तारेवर नखाने खूण करा. ती लांबी म्हणजे तुमचा प्लग. प्लगवर मोजताना वॉशर धरायचं नाही, फक्त आटे. प्लग हेडवर जिथे टेकतो ती बैठक सपाट आहे की निमुळती तेही बघा. निमुळत्या बैठकीच्या प्लगला वॉशर नसतं, आणि दोन्हींची अदलाबदल चालत नाही.

व्यासही गृहीत धरू नका. फोर्ड मॉडेल ए चे आटे ७/८ इंची असतात, मॉडेल टी ला अर्ध्या इंचाचे, पाइपासारखे निमुळते. अनेक जुन्या इंजिनांना १८ मिमी लागतो.

माझ्याकडे योग्य लांबीचे प्लग आले तेव्हा ते अर्ध्यावर अडकले, कारण खालचे आटे काजळीने भरलेले. जोर लावायचा मोह झाला होता. त्याऐवजी १९ मिमीच्या एका जुन्या प्लगच्या आट्यांना करवतीने उभ्या चार खाचा पाडल्या, खाचांत ग्रीस भरलं आणि तो हाताने थोडा आत, थोडा बाहेर असा फिरवत नेला. काजळी ग्रीसमध्ये चिकटून बाहेर आली. चार सिलिंडरना अर्धा दिवस गेला.

आता तापमान-श्रेणी, म्हणजे प्लग ‘गरम’ की ‘थंड’ जातीचा ते. इथे लोक हमखास फसतात. प्लगचं टोक साधारण ४५० अंश सेल्सियसच्या वर गेलं की स्वतःची काजळी जाळतं. ८५०च्या पुढे गेलं की ठिणगीआधीच मिश्रण पेटवू लागतं. गरम प्लग उष्णता टोकाशी धरून ठेवतो, थंड प्लग ती लवकर हेडकडे सोडतो. गंमत अशी की प्लग बनवणाऱ्या कंपन्यांपैकी एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड होतो, चॅम्पियनमध्ये गरम. बॉशच्या हल्लीच्या क्रमांकात मोठा आकडा गरम, पण जुन्या डब्ल्यू १४५, डब्ल्यू १७५ अशा क्रमांकात मोठा आकडा थंड! म्हणून जुन्या खोक्यावरचा आकडा नुसता जुळवू नका, समतुल्य तक्ता बघा. माझ्या गाडीच्या पुस्तकात चॅम्पियन एन ५ आहे. मी एनजीके बीपी६ईएस वापरतो. यातला बी म्हणजे १४ मिमी, ई म्हणजे १९ मिमी लांबी, पी म्हणजे चिनीमातीचं नाक पुढे आलेलं. साइड-व्हॉल्व्ह इंजिनाचा (ज्यात व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असतात) कक्ष बुटका असेल तर त्या पी पासून जपून राहा. प्लग बसवल्यावर काही आपटत नाही ना, हे बघायला इंजिन आधी हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा, स्टार्टर नंतर.

गाडी फक्त जवळच्या फेऱ्या मारत असेल, चोक ओढलेला असेल आणि प्लग सारखे काळे होत असतील, तर आधी कार्ब्युरेटर बघा. तो ठीक असेल तरच एक पायरी गरम प्लग घ्या. प्लगला तेल लागलं असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड झिजलेत. गरम प्लगने तो रोग झाकला जातो, बरा होत नाही.

नावात आर असेल तर आत रोधक असतो, साधारण ५ हजार ओहमचा. पॉइंट्स-कॉइलवर असा प्लग चालतो आणि रेडिओची खरखर कमी होते. पण प्लगवर बसणाऱ्या वायरींच्या टोप्यांत रोधक आणि कार्बनच्या वायरी आधीच असतील तर बेरीज होते. मी तिथे बिन-आर घेतो. मॅग्नेटोवरही (बॅटरीशिवाय ठिणगीची वीज बनवणारं यंत्र) तेच. डिस्ट्रिब्युटरमध्ये (प्रत्येक प्लगला वीज वाटणारा भाग) पॉइंट्सऐवजी इलेक्ट्रॉनिक डबी बसवली असेल तर मात्र आरच. इरिडियमच्या टोकाच्या प्लगवर पैसे घालू नका, पॉइंट्सच्या गाडीला त्याचा उपयोग जवळजवळ नाही.

वायरीचं टोक बघायला विसरू नका. कड्याचं किंवा काट्याचं टोक असेल तर वरची टोपी फिरवून काढता येणारा प्लग हवा.

गॅप, म्हणजे ठिणगी जिथे पडते ती फट, खोक्यातून येतो तसा ठेवू नका. माझ्या गाडीला ०.०२५ इंच, म्हणजे ०.६४ मिमी, नवे प्लग बऱ्याचदा ०.८ किंवा जास्त उघडे येतात आणि जुन्या कॉइलला ते झेपत नाही. फक्त बाजूची पट्टी वाकवा, मधल्या दांडीला हात लावू नका. बसवताना बोटांनी टेकेपर्यंत, मग नवं वॉशर असेल तर पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, तेच जुनं वॉशर असेल तर फेऱ्याचा फक्त बारावा भाग.

रंग तपासायचा तर दहा-पंधरा किलोमीटर जोरात चालवून, गाडी उभी करून घुरघुरत न ठेवता लगेच बंद करा आणि हेड निवल्यावर प्लग काढा. फिकट तपकिरी किंवा राखाडी आला की पुरे. पांढरा, फोड आलेला दिसला तर प्लग बदलण्याआधी टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) आणि मिश्रण बघा.