लिक्विड मेंब्रेनमध्ये एन्झाइम : प्रोजेक्ट घेणाऱ्या नाशिकच्या ज्युनियर्ससाठी

एमएस्सीची मुलं विचारत असतात की लिक्विड मेंब्रेनमध्ये एन्झाइम अडकवून केमिकल बनवायचा प्रोजेक्ट घेऊ का. घ्या, बिनधास्त घ्या, फक्त सुरुवातीला एन्झाइमची बाटली फ्रीजमध्येच राहू द्या आणि आधी इमल्शन (तेलात बारीक थेंबांनी पसरलेलं पाणी) नीट जमवा, कारण अशा प्रोजेक्टची गाडी बहुतेक तिथेच अडते.

सिस्टिम तशी सोपी आहे. एन्झाइमचं बफरमधलं (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणातलं) सोल्यूशन केरोसीन आणि स्पॅन ८० (थेंब टिकवणारा सर्फॅक्टंट) मध्ये होमोजिनायझरवर जोरात घुसळायचं, काही मायक्रॉनचे थेंब तयार होतात, मग हे इमल्शन बाहेरच्या पाण्यात हळू ढवळत सोडायचं, मधला तेलाचा थर हाच आपला मेंब्रेन. एन्झाइम तेलात विरघळत नाही म्हणून आतच राहतं आणि बाहेरच्या पाण्यातला कच्चा माल कॅरियरच्या (तेलातून माल वाहून नेणाऱ्या रसायनाच्या) मदतीने आत येतो. मूळ कल्पना नॉर्मन ली यांची, पेटंट १९६८ चं.

आता ब्लँक, म्हणजे एन्झाइम न टाकता केलेली चाचणी. आत एन्झाइमऐवजी खाण्याचा रंग टाका आणि बाहेरचं पाणी रंगतंय का बघा, रंगलं तर लीक आहे. पण हे कॅरियर न टाकता करा हं, कारण खाण्याचे बरेच रंग ऋणभारित असतात आणि अलिक्वाट ३३६ सारखा कॅरियर स्वतःच रंगाला बाहेर घेऊन येतो, मग चांगलं इमल्शन पण उगाच फेकून दिलं जातं. दुसरं म्हणजे स्वेलिंग. आतल्या बफरमध्ये क्षार बाहेरपेक्षा जास्त असले की पाणी आत ओढलं जातं, थेंब फुगतात आणि फुटतात, म्हणून दोन्हीकडची क्षारांची तीव्रता जवळपास सारखी ठेवा. लीक होतंय म्हणून स्पॅन वाढवत बसू नका, इमल्शन टिकेल पण माल आत यायला वेळ लागेल आणि शेवटी ते फोडून प्रॉडक्ट काढताना जीव जाईल.

एन्झाइम टाकायची वेळ आली की बीकर बर्फात ठेवून घुसळा, नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये तर हे हवंच, घुसळताना उष्णता तयार होते आणि ॲक्टिव्हिटी जाते.

पेनिसिलिन जी पासून ६-एपीए (६-अमिनोपेनिसिलॅनिक ॲसिड, इतर पेनिसिलिन बनवायचा कच्चा माल) करणार असाल तर पीएचवर खास लक्ष द्या. हे काम करणाऱ्या पेनिसिलिन असायलेज एन्झाइमला साधारण ८ पीएच लागतो आणि रिॲक्शनमध्ये फेनिलॲसिटिक ॲसिड सुटतं, आतला थेंब एवढासा असतो की पीएच पटकन घसरतो, म्हणून बफर दमदार हवा.

सातपूर, अंबड किंवा सिन्नरला इंटरव्ह्यू दिलात तर एक गोष्ट स्पष्ट सांगा, कारखान्यात ६-एपीए साठी एन्झाइम घट्ट मण्यांवर बसवूनच वापरतात. इमल्शन मेंब्रेन मोठ्या प्रमाणावर चाललं ते ऑस्ट्रियात लेन्झिंगला, १९८६ मध्ये, व्हिस्कोसच्या सांडपाण्यातून झिंक काढायला, आणि त्यात एन्झाइम नव्हतं. एन्झाइमवालं काम अजून जास्त करून लॅबमध्येच आहे, पण लीक, स्वेलिंग आणि डीमल्सिफिकेशन (इमल्शन फोडणं) तुम्ही हाताने मोजलेलं असेल तर मास ट्रान्सफरवरच्या प्रश्नांना तुमच्याकडे स्वतःचे आकडे असतील, ग्राफ सोबत घेऊन जा.