लॅक ऑपेरॉनवरील दोन प्रथिनांचा प्रभाव वेगवेगळा कसा मोजावा

ई. कोलाय या जीवाणूत लॅक्टोज पचवणाऱ्या जनुकांच्या गटाच्या, म्हणजे लॅक ऑपेरॉनच्या, प्रतिलेखनावर (डीएनएवरून आरएनए बनण्यावर) दोन प्रथिनांचा ताबा असतो. लॅक रिप्रेसर ऑपरेटर या डीएनएच्या तुकड्यावर बसून आरएनए पॉलिमरेज या प्रतिलेखन करणाऱ्या विकराला काम सुरू करू देत नाही, तर कॅप हे प्रथिन सायक्लिक एएमपीशी (ग्लुकोज असताना घटणाऱ्या लहान रेणूशी) जोडले गेल्यावर प्रमोटरलगत, म्हणजे प्रतिलेखन जिथे सुरू होते त्या भागालगत, बसते आणि पॉलिमरेजला तेथे पकड मिळवून देते. जाकोब आणि मोनो यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या ऑपेरॉनच्या कल्पनेत रिप्रेसरच होता. कॅपचा शोध नंतरचा.

प्रयोगासाठी एमजी१६५५ सारखा शाबूत लॅक ऑपेरॉन असलेला वाण घ्यावा. क्लोनिंगसाठी सर्रास वापरला जाणारा डीएच५-अल्फा येथे निरुपयोगी आहे, कारण त्यात कार्यक्षम बीटा-गॅलॅक्टोसिडेज, म्हणजे येथे मोजायचे लॅक्टोज फोडणारे विकर, तयारच होत नाही. एम९ या किमान पोषक माध्यमाचे चार फ्लास्क तयार करावेत: दोन ग्लिसरॉलचे, दोन ग्लुकोजचे, आणि प्रत्येक जोडीतील एकात १ मिलिमोलर आयपीटीजी (रिप्रेसरला ऑपरेटरवरून सोडवणारे, लॅक्टोजसारखे कृत्रिम द्रव्य) घालावे. येथे लॅक्टोज वापरण्याचा मोह टाळावा. जे विकर मोजायचे आहे त्यानेच लॅक्टोजचे अॅलोलॅक्टोज झाल्याशिवाय रिप्रेसर सुटत नाही, शिवाय ग्लुकोज असताना लॅक्टोजला पेशीत शिरणेच अवघड होते. मग घटलेल्या वाचनाचा दोष रिप्रेसरचा की कॅपचा, हे सांगता येत नाही. आयपीटीजी पचत नाही आणि या प्रमाणात पर्मिएजवर (लॅक्टोज पेशीत आणणाऱ्या प्रथिनावर) फारसे अवलंबूनही राहत नाही.

ग्लिसरॉलवर वाढ मंद असते, म्हणून नमुने घड्याळ पाहून नव्हे, तर ६०० नॅनोमीटरचे प्रकाशशोषणाचे वाचन (पेशींच्या दाटीचे माप) ०.३ ते ०.६ झाल्यावर काढावेत व बर्फात ठेवावेत. ०.१ मिलिलिटर संवर्धन ०.९ मिलिलिटर झेड-बफरमध्ये मिसळून क्लोरोफॉर्म व एसडीएसच्या थेंबांनी पेशी सच्छिद्र कराव्यात. २८ अंश सेल्सिअसला ओएनपीजी (या विकराने फुटल्यावर पिवळा रंग देणारे द्रव्य) घालून वेळ नोंदवावी आणि स्पष्ट पिवळा रंग येताच सोडियम कार्बोनेटने विक्रिया थांबवावी. ४२० नॅनोमीटरच्या वाचनातून ५५० च्या वाचनाची १.७५ पट वजा करून उरलेल्यास १००० ने गुणावे. त्याला मिनिटे, संवर्धनाचे मिलिलिटर आणि ६०० चे वाचन यांच्या गुणाकाराने भागले की विकराच्या क्रियाशीलतेची मिलर एकके मिळतात.

ग्लिसरॉलच्या दोन फ्लास्कमधील फरक हा रिप्रेसरचा परिणाम, तर आयपीटीजी असलेल्या दोन फ्लास्कमधील फरक हा मुख्यतः कॅपचा. एकच जोडी पाहून निष्कर्ष काढणे धोक्याचे असते. शक्य असल्यास रिप्रेसर नसलेला लॅक-आय उत्परिवर्तित वाणही सोबत ठेवावा: त्यात आयपीटीजीविनाही वाचन उंच असले पाहिजे, आणि ग्लुकोजमध्ये ते उतरलेच पाहिजे. हे सारे प्रतिलेखनाचे अप्रत्यक्ष माप आहे. विकर टिकाऊ असल्याने प्रतिलेखन थांबल्यावरही ते काही काळ पेशीत उरते. त्यामुळे आयपीटीजी काढून घेतल्यानंतरची घसरण अभ्यासायची असेल, तर लॅक-झेडचा (या विकराच्या जनुकाचा) संदेशवाहक आरएनएच मोजावा.