'अनबिडन'चा विरुद्धार्थी शब्द कसा निवडायचा?

इंग्रजीतला 'अनबिडन' म्हणजे अनाहूत. सुरुवातीचं 'अन' काढलं की 'बिडन' उरतो, पण तो शक्यतो वापरू नका. मराठीत 'अनाहूत पाहुणा' सहज म्हणतात, 'आहूत पाहुणा' कुणी म्हणत नाही. इंग्रजीतही तसंच झालंय. एकटा 'बिडन' आज 'डू अ‍ॅज यू आर बिडन' (सांगितलंय तसं कर) अशा मोजक्या, जुन्या वळणाच्या वाक्यांतच भेटतो.

आधी 'अनबिडन' कोणत्या नामाला लावलाय ते बघा, मग शब्द शोधा. 'बिड' या क्रियापदात जुन्या इंग्रजीतली दोन क्रियापदं मिसळली आहेत. एकाचा अर्थ मागणं, विनवणं. दुसऱ्याचा देऊ करणं, फर्मावणं. त्यामुळे 'अनबिडन' कधी 'न बोलावलेला' असतो, कधी 'कुणी सांगितलं नसताना केलेलं', तर कधी 'मनात आपोआप आलेलं'. प्रत्येकाचा विरुद्धार्थी वेगळा.

पाहुण्यासाठी 'इन्व्हायटेड' घ्या. सल्ल्यासाठी 'रिक्वेस्टेड' किंवा 'सॉलिसिटेड', म्हणजे मागितलेला. मात्र 'सॉलिसिटेड गेस्ट' लिहिलंत तर वाचणारा अडखळेल, कारण तो शब्द सल्ला, अभिप्राय, लेखन यांच्याशी जुळतो. अधिकारानं बोलावलं असेल तर 'समन्ड'.

खरा घोळ 'व्हॉलंटरी'पाशी होतो. कुणी सांगितलं नसताना मदत केली, तर ती 'अनबिडन' आणि 'व्हॉलंटरी' दोन्ही. इथे हे समानार्थी आहेत आणि विरुद्धार्थी 'ऑर्डर्ड'. पण आठवण किंवा अश्रू 'अनबिडन' असतील तर ते इच्छेविना आलेले असतात, म्हणून तिथे 'व्हॉलंटरी' हाच विरुद्धार्थी ठरतो. समानार्थी कोशातली यादी वाक्य न बघता उचलली की नेमका इथे अर्थ उलटतो.

मनाच्या गोष्टींसाठी 'इन्व्हायटेड' सहसा चालत नाही. मुद्दाम केलेल्या विचाराला 'डेलिबरेट', ओढूनताणून आणलेल्या हसण्याला 'फोर्स्ड', प्रयत्नानं जागवलेल्या आठवणीला 'समन्ड अप' किंवा 'कॉल्ड अप'.

शब्दाची जागाही तपासा. 'द मेमरी केम अनबिडन' यात तो क्रियापदानंतर येतो. तिथे 'केम डेलिबरेट' बसत नाही. वाक्यच फिरवा: 'शी कॉल्ड अप द मेमरी'. अश्रूंसाठी 'केम अ‍ॅट विल' (हवे तेव्हा आले) चालतं.

दोन शब्द मात्र टाळाच. 'वेलकम': न बोलावता आलेला माणूसही हवासा असू शकतो, तेव्हा हा विरोध खरा नाही. आणि 'फॉरबिडन': तो त्याच क्रियापदाच्या घराण्यातला, पण अर्थ मनाई केलेला. न बोलावणं वेगळं, येऊ नको म्हणणं वेगळं.