मेडिएशनला जाताना आकडे घेऊन जा

मी कौटुंबिक न्यायालयात वकिली करते. घटस्फोटाचा अर्ज दाखल झाला, समोरच्याची कैफियत म्हणजे लेखी उत्तर आलं, की पक्षकार विचारतात, ‘मॅडम, उलटतपासणी कधी?’ मी म्हणते, आधी मेडिएशन, म्हणजे तटस्थ मध्यस्थासमोर तडजोडीची बोलणी. कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम ९ नुसार तडजोडीचा प्रयत्न करणं हे न्यायालयाचं कर्तव्य आहे. कोर्टाने आपणहून पाठवलं नाही, तर तसा अर्ज द्या. तिथे पुन्हा नांदायला लावतील ही भीती नको. वेगळं व्हायचं ठरलंच असेल, तर कोणत्या अटींवर, हेही तिथेच बोलायचं असतं.

त्या खोलीत बोललेलं पुढे पुरावा म्हणून वापरता येत नाही. मेडिएटर निकालही देत नाही. अटी पटल्या नाहीत तर सही करू नका, केस होती तिथून पुढे चालते.

जाण्याआधी कागद जमवा. उत्पन्न, मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर पोटगीच्या वादात द्यावंच लागतं, मग आधीच तयार ठेवा. पगाराच्या स्लिपा, आयकर विवरणपत्रं, कर्जाचे हप्ते, मुलांची फी. स्त्रीधनाची यादी वजनासकट, आणि कोणता दागिना कोणाकडे आहे तेही लिहा. एकदा यादी समोर आली की ‘तुझ्या आईने ठेवून घेतलं’ वगैरे भांडण निम्म्याने कमी होतं.

खरी मेहनत कन्सेंट टर्म्स, म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या अटी, लिहिण्यात आहे. ‘वडिलांना मुलाला योग्य वेळी भेटता येईल’ असं वाक्य दिसलं की मी कागद परत करते. कोणता वार, किती वाजता, आणायचं कोणी, सोडायचं कोणी, दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी कशी वाटायची, मूल आजारी पडलं तर काय, पासपोर्टवर सही कोण करणार, सगळं लिहा. मुलाच्या खर्चाचा हक्क आईने किंवा वडिलांनी ‘सोडून दिला’ असं लिहून तो जात नाही, म्हणून तो आकडा आणि दरवर्षीची वाढ वेगळी ठरवा.

अटी ठरल्या की चालू केसचं रूपांतर परस्परसंमतीच्या अर्जात करता येतं. हिंदू विवाह कायद्यात ते कलम १३ब, विशेष विवाह कायद्यात २८. हिंदू विवाह कायद्याखाली वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, आणि पहिल्या व दुसऱ्या मोशनमध्ये (दोघांनी मिळून कोर्टापुढे संमती सांगण्याचे दोन टप्पे) सहा महिने जातात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या अमरदीप सिंग निकालानंतर ही सहा महिन्यांची मुदत माफ होऊ शकते. पण पहिल्या मोशनआधीच दीड वर्ष वेगळं राहणं झालेलं असावं आणि पोटगी, मुलांचा ताबा हे प्रश्न दोघांत खरोखर मिटलेले असावेत, हे कोर्ट बघतं.

दुसऱ्या मोशनपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतं. त्यामुळे सगळी रक्कम आधी देऊ नका आणि सगळी नंतर घेऊही नका. काही भाग पहिल्या मोशनला, उरलेला दुसऱ्या मोशनच्या दिवशी कोर्टासमोर डिमांड ड्राफ्टने. स्त्रीधन परत करण्याची तारीखही त्यातच घाला.

४९८अ ची, म्हणजे सासरच्या छळाची फौजदारी तक्रार असेल (जुलै २०२४ पासूनच्या घटनांना भारतीय न्याय संहितेचं कलम ८५), तर घटस्फोटाच्या हुकुमाने ती संपत नाही. ती रद्द करायला उच्च न्यायालयात वेगळा अर्ज लागतो आणि त्यात तक्रारदाराने सहकार्य करायचं, ही अट टर्म्समध्ये हवी.

दोघांच्या नावावर कर्ज काढून घेतलेलं घर एकाकडे जाणार असेल, तर हक्कसोडपत्र नोंदवण्याआधी बँकेकडून दुसऱ्याचं नाव कर्जातून कमी झाल्याचं लेखी घ्या. कन्सेंट टर्म्सवर बँकेची सही नसते. हप्ता थकला की नोटीस दोघांनाही येते.